अकरापैकी अकरा

सासूबाईंचे डोके फक्त कामाच्या दिवशी दुखत असे. शनिवारी आणि रविवारी ते कधीच दुखले नाही.

तिने आलेखाच्या कागदावर पट्टी धरली, सहाव्या आठवड्याखाली रेघ मारली आणि पेन्सिल कानामागे खोचली. बेचाळीस ओळी झाल्या होत्या. दोन रकान्यांत टिंबे होती. ती एकमेकांसमोर इतकी नेमकी येत होती की तिने कागद उलटा धरूनही एकदा पाहिला, जणू उलट बाजूने तरी एखादे टिंब जागचे हलेल. हलले नाही.

शहराचे पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेची ती प्रमुख होती. नळाचे पाणी पिण्याजोगे आहे की नाही हे तिच्या सहीने ठरे, आणि ती सही सहजासहजी मिळत नसे. नव्याने रुजू झालेल्यांना पहिल्याच आठवड्यात ती बजावत असे की दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असे म्हणता येत नाही. तसे म्हणायची घाई झाली, तर समजावे की उत्तर आपल्याला आधीच हवे होते. हे वाक्य ती इतक्यांदा बोलली होती की तिच्या मागे मुले तिची नक्कल करताना तेच वापरत.

डोकेदुखी सुरू होऊन अडीच महिने झाले होते. दुखे त्या दिवशी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास सासूबाई गॅरेजवरच्या आपल्या खोलीतून भिंतीला हात लावत खाली येत, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहत आणि म्हणत,

"आज परत कपाळ ठणकतंय गं. मळमळतंयही."

तासाभरात त्यांना बरे वाटू लागे आणि रात्रीच्या जेवणाला त्या सगळ्यांबरोबर बसत. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, डोळे पाहिले, मान वळवून पाहिली आणि सगळे वयाच्या मानाने उत्तम असल्याचे सांगितले. शेवटी, मन कशात तरी गुंतवा, असा सल्ला देऊन त्यांनी हात टेकले. सासूबाईंना तो सल्ला झोंबला. चौतीस वर्षे मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवलेल्या बाईला मन गुंतवायला सांगणे म्हणजे पोहणाऱ्याला पाणी दाखवण्यासारखे होते. त्यांचे शिवणयंत्र त्या खोलीत दिवसभर चालत असे. यंत्राचा आवाज कोणाला नको म्हणून तर त्यांनी घराच्या टोकाची, गॅरेजच्या डोक्यावरची ती खोली मागून घेतली होती.

दुसऱ्या रकान्यातली टिंबे तिच्या धाकट्या बहिणीच्या, कामाच्या दिवशी आलेल्या फोनची होती. अडीच महिन्यांपूर्वी बहिणीला दूरच्या गावी नोकरी लागली. तिथली तिची पाळी साडेसहाला संपे, आणि आठवड्यातून एकदोनदा ती बसच्या रांगेत उभी राहून ताईला फोन लावी. ताई त्या वेळी गाडीत असे, घराच्या अगदी जवळ.

"काय गं ताई, साडेसातच्या बातम्या लागल्या का?" बहीण विचारी.

"अजून पंचेचाळीस मिनिटं आहेत."

"आज ठळक बातमी काय असेल? कपाळ की मान?"

"कपाळ. मानेचं गेल्या आठवड्यात होऊन गेलं."

"आणि मध्ये जाहिराती?"

यावर ती हसे. ती एरवी हसणारी बाई नव्हती. दिवसभर जपून ठेवलेले हसू या पाच-दहा मिनिटांत बाहेर येई. गाडी गॅरेजमध्ये शिरे, मागे शटर खडखडत खाली येई, तरी बहिणीचे संपलेले नसे. फोन कानाला आणि पिशवी खांद्याला लावून, हसत हसतच ती आतल्या दाराने घरात येई.

गाडी चार महिन्यांपूर्वी घेतली होती. पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारी, चावी न फिरवता बटण दाबून सुरू होणारी. ती नवऱ्याच्या आग्रहाने आली. पाण्याच्या नमुन्यांचे बर्फाचे डबे दोन्ही हातांत असताना ती पिशवीत चावी चाचपडत पावसात उभी राही, हे त्याला पाहवत नसे.

"आता चावी बाहेर काढायचीच नाही," त्याने पहिल्या दिवशी अंगणात प्रात्यक्षिक दाखवले होते. "ती जवळ असली की पुरे. दार आपोआप उघडतं. बटण दाबलं की सुरू. अंधारात भोक शोधायला नको, चावी आत विसरून दार लागायची भीती नको."

सासूबाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"आणि हीच चावी माझ्याजवळ असली तर?"

"तर तुझ्यासाठी उघडेल, आई."

"म्हणजे हिला माणूस कळत नाही, चावी कळते," सासूबाई म्हणाल्या. "बरंय. घरात तसलं एक असावं."

ते 'तसलं एक' आपल्याला उद्देशून होते की नाही, यावर तिने त्या रात्री नको इतका विचार केला. सासूबाईंचे बोलणे असेच असे: शिवणीसारखे, वरून टाका दिसायचा नाही.

तर अकरा फोन, अकरा डोकेदुख्या. अकरापैकी अकरा. तिचा निष्कर्ष साधा होता. आपले हसणे गॅरेजमधून वर ऐकू जाते, कोणावरून हसतो तेही कदाचित कळते, आणि मग साडेसातला कपाळ ठणकू लागते. सासूबाई सरळ सरळ नाटक करतात असे ती म्हणणार नव्हती; 'लक्ष वेधण्याचा प्रकार' हा शब्द तिने योजून ठेवला होता. एक अडचण होती. रविवारीही बहिणीचा फोन येई, ती बैठकीत बसून हसे, आणि सासूबाई समोरच काजे करत बसलेल्या असत. त्यांना काही होत नसे. त्या दिवशी त्यांचा मुलगा घरी असतो म्हणून, असे तिने समासात लिहिले. हाताखालच्या कोणी असे स्पष्टीकरण चिकटवले असते तर तिने त्याचा कागद परत केला असता.

जेवणे उरकल्यावर तिने तक्ता टेबलावर ठेवला. नवऱ्याला एकट्याला दाखवायचा असे तिच्या मनात होते, पण सासूबाई उठून गेल्या नव्हत्या, आणि त्यांच्या पाठीमागे बोलण्यापेक्षा समोर बोललेले प्रामाणिकपणाचे, असे तिने स्वतःला पटवले. प्रामाणिकपणाचा एवढा उमाळा तिला नेमका त्याच दिवशी का यावा, हे तिने तपासले नाही.

"हे काय?" नवऱ्याने विचारले.

"आईंच्या डोकेदुखीचा तक्ता. सहा आठवड्यांचा."

तिने रकाने समजावून सांगितले. आवाज तिने सपाट ठेवला, बैठकीत अहवाल वाचताना ठेवते तसा. नवरा आधी तक्त्याकडे, मग आईकडे आणि मग पाण्याच्या पेल्याकडे पाहू लागला. सासूबाईंनी चष्मा लावला, कागद स्वतःकडे ओढला आणि कापड तपासताना फिरवतात तसे बोट रकान्यावरून खालपर्यंत फिरवले.

"म्हणजे तू हसलीस की माझं डोकं दुखतं," त्या म्हणाल्या.

"मी असं म्हणत नाही. आकडे तसं म्हणतात."

"आकड्यांना मी काय बोलणार? त्यांना तोंड नाही." त्यांनी कागद नीट घडीवर घडी घालून परत दिला. "तू हसत जा. मी गोळी घेईन."

नवऱ्याने घसा साफ केला. "आई, तिचा अर्थ इतकाच की एकदा मनाच्या डॉक्टरांना..."

"कळला मला अर्थ. मी शिकवत होते रे, शिकले नाही असं नाही."

त्या दिवसापासून साडेसातला स्वयंपाकघराच्या दारात कोणी उभे राहिले नाही. तिने तक्ता चालू ठेवला होता. पुढच्या अडीच आठवड्यांत फोनचे तीन दिवस आले. तिन्ही दिवशी डोकेदुखीच्या रकान्यात तिने 'नाही' लिहिले. निष्कर्ष सांगितल्याबरोबर लक्षण थांबले, म्हणजे निष्कर्ष पक्का झाला. फोनवर बहीण म्हणाली, "बातम्या बंद पडल्या वाटतं? वाहिनीच विकली गेली," आणि तिला हसू आले, पण या वेळी ते पुरते आले नाही.

मग एका सकाळी सासूबाईंनी चहाच्या वेळी सांगितले की त्या थोरल्या लेकीकडे राहायला जाणार आहेत.

"किती दिवस?" नवऱ्याने विचारले.

"यंत्रही नेतेय," त्या म्हणाल्या. हे उत्तर होते, आणि ते सगळ्यांना कळले.

नवऱ्याने थोडे आढेवेढे घेतले, मग शनिवारी टेम्पो ठरवला. आईला निरोप देण्याचे दुःख आणि घरातली धुसफूस संपण्याचा सुटकारा, या दोन्हींची त्याच्या चेहऱ्यावर अशी सरमिसळ झाली की तिला त्याच्याकडे पाहवेना.

मंगळवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि सामान बांधायला म्हणून गॅरेजवरच्या खोलीत गेली. सासूबाई चष्म्याची काडी बसवून घ्यायला बाहेर गेल्या होत्या. खोली लख्ख होती. पलंगावर प्रयोगशाळेसाठी शिवलेले बारा पांढरे कोट घडी करून ठेवलेले होते. तिनेच मागे कधीतरी बोलता बोलता म्हटले होते की बाजारातले कोट काखेत उसवतात. कापड कधी आणले, मापे कोणाकडून मागवली, तिला पत्ता नव्हता. प्रत्येक कोटाला टाचणीने एक चिठ्ठी लावलेली होती आणि तीवर तारीख. ही बाईंची शाळेतली सवय. मुलींच्या प्रत्येक नमुन्याला तारीख लावायची, म्हणजे हात कधी सुधारला ते कळते.

तिने वरचा कोट उचलून खिडकीपाशी धरला. शिवण सरळ, बारीक, छापल्यासारखी होती. पण तिच्या शेजारी, उजेड आरपार आला तेव्हा, छिद्रांची आणखी एक ओळ दिसली. ती सरळ सुरू होऊन वळत गेली होती, कडेच्या बाहेर जाऊन परत आली होती, आणि एका ठिकाणी एकाच जागी सहासात छिद्रे होती. शिवण घातली होती, उसवली होती आणि दुसऱ्यांदा घातली होती. धुतल्याशिवाय जाड सुती कापड सुईचे भोक विसरत नाही.

तिने बाराही कोट उजेडात धरले. नऊ कोट स्वच्छ होते. तिन्ही उरलेल्यांवर वेड्यावाकड्या छिद्रांच्या ओळी होत्या. तिने चिठ्ठ्या पाहिल्या, मग खाली जाऊन तक्ता आणला, आणि पलंगाच्या कडेला बसून तारखा जुळवल्या, जरी वर येतानाच तिला त्या पाठ होत्या. ते तीन कोट त्या तीन फोनच्या दिवसांचे होते. ज्या दिवसांपुढे तिने 'नाही' लिहिले होते.

लोकांनी पाहावे म्हणून केलेली गोष्ट कोणी उसवून टाकत नाही. हे वाक्य तिच्या मनात पुरते तयार झाले आणि तिला आपल्या कानांच्या पाळ्या गरम झाल्याचे जाणवले.

जिन्यावर पावले वाजली. सासूबाई दारात आल्या, तिच्या मांडीवरचा कोट पाहून थबकल्या आणि मग आत येऊन त्यांनी तो हळूच काढून घेतला.

"उजेडात काय बघत बसलीस? वय झालं. हात वळतो कधीकधी."

"आई, या तीन दिवशी तुमचं डोकं दुखत होतं का?"

"तुझ्या तक्त्यात काय आहे?"

"नाही, असं आहे."

"मग नाही," सासूबाई म्हणाल्या आणि कोटाची घडी घालू लागल्या.

त्या संध्याकाळी ती वर जाऊन बसली. म्हणाली, कोटांची बटणे लावू लागते. सासूबाईंनी तिला एक सुई ओवून दिली, कारण तिला ओवता येईना, आणि वर काही बोलल्या नाहीत, ही त्यांची मेहेरबानी होती. साडेसात झाले, आठ झाले. काही घडले नाही. त्या दिवशी फोन आला नव्हता.

बुधवारी तिने स्वतःच बहिणीला निरोप ठेवला: सुटल्यावर फोन कर.

"म्हणजे आज काय विशेष?" पावणेसातला बहीण म्हणाली. "एरवी मीच तुझ्या गळ्यात पडते."

"काही नाही. नेहमी बोलतेस तसं बोल."

"असं सांगितलं की माणसाला बोलता येतं का? बरं, बातम्या..."

"त्या सोडून दुसरं काहीही."

बहीण मग आपल्या वरिष्ठाच्या नव्या केशरचनेविषयी बोलू लागली. बोलता बोलता ती रंगली. गाडी आत आली, शटर खाली आले, आणि फोन कानाला धरून ती थेट वर गेली. सासूबाई यंत्रावर होत्या. त्यांनी मान वर केली, फोनकडे पाहिले आणि यंत्राचे चाक हाताने थांबवले.

"तुझं होऊ दे. मी थांबते."

"नाही, तुम्ही शिवा. मी इथेच बसते."

फोन संपला तेव्हा सात वाजायला पाच मिनिटे होती. ती खुर्चीत बसून राहिली. खिडकी बंद होती. बाहेर गार वारा सुटला होता. यंत्र चाले, थांबे, चाले. सव्वासातला सासूबाईंनी चष्मा काढून डोळ्यांचे कोपरे दाबले आणि परत लावला. साडेसातला त्यांच्या हातातली शिवण कडेला सरकू लागली. त्यांनी यंत्र थांबवले, सुनेकडे चोरून पाहिले, आणि कात्रीचे टोक घेऊन, काही झालेच नाही असे दाखवत, एकेक टाका उचकटू लागल्या.

ती उठायला गेली आणि तिच्याच कपाळाच्या दोन्ही बाजूंना कोणीतरी अंगठे दाबल्यासारखे झाले. तिने खुर्चीची पाठ धरली. आपण हसलो नव्हतो, हा पहिला विचार तिच्या मनात आला. दुसरा विचार आला तो विचार म्हणून आलाच नाही. तिचे डोळे खोलीच्या कोपऱ्याकडे वळले, जिथे शटरच्या मोटारीची वायर खाली नेण्यासाठी जमिनीला अंगठ्याएवढे भोक पाडलेले होते. ती गुडघ्यांवर बसली आणि तिने त्याच्यावर तळहात धरला. हवा कोमट होती. जवळून आवाजही येत होता, एखादा फ्रीज चालू असावा तेवढाच.

"आई, उठा. आत्ताच्या आत्ता."

"अगं, झालं काय?"

"नंतर सांगते. उठा, बाहेर चला."

तिने खिडकी सताड उघडली, सासूबाईंना काखेत हात घालून जिना उतरवला आणि फाटकाबाहेर रस्त्यावर, दिव्याच्या खांबाशी उभे केले. त्या पायांत सपाता नसताना उभ्या होत्या. हातात कात्री तशीच होती. मग तिने बाहेरून शटर वर केले, तोंडाला पदर लावला, श्वास रोखला आणि आत गेली.

गाडीच्या काचेआड पडदा उजळलेला होता. त्यावर हिरव्या अक्षरांत लिहिले होते की गाडी निघायला तयार आहे. इंजिन मंद चालले होते. तिने बटण दाबले. ते थांबले.

पुढची जुळणी तिने रस्त्यावर उभे राहूनच केली. तिला दोन मिनिटेही लागली नाहीत, आणि तेच सगळ्यांत वाईट होते. फोन नसे तेव्हा तिचा हात ठरलेल्या क्रमाने जाई: गाडी जागेवर लावणे, बटण, पिशवी, दार. फोन असला की बटणाच्या जागी हात फोनला जाई, कारण बोलणे गाडीच्या स्पीकरवरून कानाशी घ्यायचे असे. गाडी त्या क्षणी विजेवर असल्यामुळे गप्प असे. ती बंद आहे की चालू, हे कानाला कळत नसे. चावी पिशवीत बसून घरात जाई. चावी लांब जाताना गाडी तीनदा टूंटूं करी, पण त्याच वेळी शटर खडखडत असे. काही मिनिटांनी बॅटरी उतरू लागली की इंजिन आपले आपण सुरू होई, आणि बंद गॅरेजमधला धूर वरच्या भोकाची वाट धरी. तासाभराने, कोणी आत नाही असे पाहून, गाडी स्वतःच बंद होई. सकाळी ती बटण दाबून निघून जाई.

"अगं, तू रडतेस का?" सासूबाईंनी विचारले.

"नाही. डोळे झोंबलेत."

"धूर होता का गं?" त्या म्हणाल्या. त्यांना बहुधा समजले होते. त्यांनी कात्री तिच्या हातात दिली. "मग माझं डोकं खरंच दुखत होतं?"

तिने कात्री मिटली.

"नाही, मी आपलं विचारलं. मला वाटायला लागलं होतं की असेल बाई, मीच मनानं आणत असेन. तुझं फोनवरचं हसणं ऐकलं की मी आधीच कपाळ चाचपून बघायची. आकडे काही खोटं बोलायचे नाहीत."

रुग्णालयात दोघींचे रक्त घेतले. नवरा बसमधून उतरून परस्पर तिकडे आला तेव्हा सासूबाई नाकाला प्राणवायूचा मुखवटा लावून पलंगावर पडल्या होत्या आणि उशीच्या अभ्र्याची शिवण कशी निकृष्ट आहे ते परिचारिकेला खुणेने सांगत होत्या. निकाल आला. रक्तातल्या विषारी वायूचे प्रमाण सासूबाईंच्या बाबतीत चौदा टक्के होते, तिच्या बाबतीत अकरा.

"वेळेवर निघालात," पाळीवरच्या तरुण डॉक्टर म्हणाल्या. "वारंवार थोडंथोडं होत होतं म्हणता, ते चांगलं नाही. आजींचं हृदय तपासून घेऊ." त्यांनी फॉर्म ओढला. "कारणाच्या जागी काय लिहू?"

"गाडीतला दोष लिहा," नवरा घाईने म्हणाला. वाटेत त्याने मोबाइलवर भराभर वाचून काढले होते. "या बटणाच्या गाड्यांचं हे सगळीकडे होतंय. चावी फिरवून काढायची असली की माणूस विसरूच शकत नाही. इथे चावी पिशवीत. आवाज नाही, काही नाही. कंपनीनं पाच मिनिटांत बंद व्हायची सोय द्यायला हवी होती. शिवाय ते भोक मी पाडून घेतलं. कोणीही फसलं असतं." तो तिच्याकडे वळला. "कोणीही. तू मनाला लावून घेऊ नकोस."

यातले बरेचसे बरोबर होते. प्रत्येक मुद्दा तिने मनात स्वतंत्रपणे तपासला आणि एकही खोडून काढता येईना. गाडीला बंद व्हायला तास लागायला नको होता. शटरचा आवाज कमी असायला हवा होता. त्या सगळ्यांच्या मागे उभे राहिले तर आपण दिसणारही नाही, इतकी जागा तिथे होती.

पलंगावरून सासूबाई मुखवट्याआडून तिच्याकडे पाहत होत्या. त्या काहीच सुचवत नव्हत्या.

"इकडे द्या," ती डॉक्टरांना म्हणाली. "मी लिहिते."

तिने कानामागे हात नेला. तिथे पेन्सिल नव्हती. डॉक्टरांनी पेन दिले. तिने फॉर्म गुडघ्यावर ठेवला आणि 'कारण' या शब्दापुढच्या रेघेवर, प्रयोगशाळेच्या अहवालात लिहिते त्याच अक्षरात, लिहिले: गाडीत दोष नव्हता. घरी आल्यावर मी ती बंद केली नाही. नोंदीप्रमाणे अकरा वेळा, त्यानंतर तीन वेळा, आणि आज. रुग्णाने प्रत्येक वेळी खरे सांगितले होते. शेवटच्या तीन वेळा सांगितले नाही, त्याचेही कारण मीच.

रेघ पुरली नाही. उरलेले तिने समासात लिहिले आणि खाली सही केली.